आतलं चाक

अरवाइखेर. पहाटेचे चार, उणे एकतीस.
उलानबातरहून आलेली बस धुरात उभी,
काचांवर पंचेचाळीस जणांच्या श्वासाचा बर्फ.

दुलमा हातोडी घेऊन वाकते.
पुढची दोन: टण्ण, टण्ण.
मागच्या जोडीतलं बाहेरचं: टण्ण.
आतलं मात्र
दिसत नाही, तिथे हात पुरत नाही,
त्याला फक्त विचारता येतं.

थप्प.

पुन्हा विचारते.
थप्प. ओल्या गोणीवर मारावं तसं.

"थंडीनं हवा आकसते गं," चोइनोम ड्रायव्हर म्हणतो,
"सगळ्यांचीच. उन्हं आली की येईल ताळ्यावर."
"सगळ्यांची आकसली, तर हे एकटंच का मुकं?"

जॅक. गोठलेल्या नटांवर स्टोव्हची ज्योत.
बाहेरचं चाक उतरतं
आणि दोघांच्या मधे
मुठीएवढा दगड,
कुठल्याशा नदीपात्रातला, गुळगुळीत,
कुणाचं वाईट केलं असेल असं न वाटणारा.
आतल्या रबरात त्यानं
दोरे दिसेपर्यंत घर केलेलं.

दीड तास मोडला.
जागे झालेले प्रवासी तिच्यावरच कावले.
एका म्हातारीनं तिच्या थर्मासमधला चहा संपवला
आणि मीठ कमी आहे म्हणाली.

हवा एकशेवीस. टण्ण.
बस गेली.

दगड तिनं खिडकीत ठेवला,
आधीच्या सातांशेजारी.
मग स्टुलावर बसून
हातोडीनं स्वतःच्या उजव्या गुडघ्यावर
हलकेच एक टोला दिला,
आणि उत्तर यायच्या आत
रेडिओ मोठा केला.