लेबलं वाहून गेलेले डबे

एस्टिल, आधी डबा कानाशी धर. हलव.
अरे, पाळण्यातल्या पोराला हलवतोस तसं नको,
जरा जोरात.
सरसर आली की मका.
पाणी खळखळून मागाहून जड ठोका आला
तर बटाटे, नाहीतर बीट.
काहीच वाजलं नाही तर भोपळा, दाबून भरलेला.

ओढा तुझ्या स्वयंपाकघरात कमरेएवढा चढला,
कागद तेवढा सोलून नेला, पत्रा ठेवून गेला.
एकेक डबा मी ब्लीचच्या पाण्यात घासलाय,
फुगलेले चार फेकलेत, विचारलंही नाही तुला.
फुगलेल्या माणसाशी हुज्जत घालता येते,
फुगलेल्या डब्याशी नाही.

सव्वीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात काढली मी,
बादलीएवढे डबे फोडले,
हा बघ, ओपनरचा घट्टा अजून गेलेला नाही.
शिकले ते एवढंच:
डब्यातली भाजी शिजलेलीच असते.
तिला पुन्हा शिजवायचं नाही,
नुसतं हलवून जागं करायचं.

घेवडा निघाला? पाणी ओत, धू, निथळू दे.
तव्यात बेकनची चरबी, त्यात कांदा,
कडा तांबूस झाल्या की घेवडा, वर मिरपूड.
मका निघाला तर अंडं फोड,
खारी बिस्किटं मुठीत चुरून घाल, थापून तळ.
बटाटे आधी फडक्यानं टिपून घे
नाहीतर तेल तुझ्या अंगावर येईल,
आणि दवाखान्याचा रस्ता अजून खचलेलाच आहे.
गाजराला लोणी, आणि ती तुझ्या भावाकडची
ज्वारीच्या धाटांची काकवी, चमचाभर.
चमचाभर म्हटलं मी.

आणि चर्चमधून कोणी भांडं भरून आणलं
तर घे. दारातून परत पाठवू नको.
मागच्या गुरुवारी तू पाठवलंस, कळलं मला.
हॅझार्डपर्यंत कळलं.

चल, हा फोड. तूच फोड.
कड धरून फिरव, घाई नाही.

बीट.

हाही बीट. हा तिसराही.
खालच्या फळीवरचे अकराच्या अकरा, पैज लाव.
तुला बीट चालत नाही, ते मला माहीत आहे.
चाळीस वर्षं ओपल सांगत आली,
टेबलावर ठेवलं तर हा माणूस उठून गोठ्यात जातो.

मग हे कोणासाठी, असं बघू नको माझ्याकडे.
तू रात्रपाळीला खाणीत उतरलास
की ती मोरीपाशी उभी राहून
डब्यातूनच खायची, काट्यानं,
दिवा न लावता.
मला फोन करायची आधी.
बोटं लाल व्हायची, म्हणून
सकाळी लिंबू चोळायची.

नाही, ते तळायचं नाही.
ते असंच.

हा घे काटा.
थांब, थोडं मीठ.