मधलं

मुयनाकच्या शाळेत, तिसरीच्या वर्गाला
मी उंटाच्या पिल्लाची गोष्ट सांगते.
खिडकीबाहेर, जिथं एके काळी समुद्र होता,
गंजलेल्या बोटींच्या पोटाखाली
शेळ्या सावलीला बसलेल्या असतात.

पिल्लू निघालं, दूर गेलेलं पाणी शोधायला.
पडलं. उठलं.
पुन्हा पडलं, पुन्हा उठलं.
वीस वर्षं अशीच सांगत आले,
शेवटी हातावरचा खडू झटकून मोकळी.

यंदा एरसुल्तान मागच्या बाकावरून म्हणाला,
"आपा, तुम्ही मधलं गाळता."
कुठलं रे मधलं?
"पडलं आणि उठलं, त्याच्या मधलं."

त्याचा बाप दोन हिवाळे झाले
कझाकस्तानात विटा रचतोय.
फोन शुक्रवारी येतो. कधी येत नाही.

मी खुर्ची ओढून बसले,
आणि वर्गच सांगू लागला.
नाकात वाळू गेली त्याच्या, पेरुयजा म्हणाली,
खारट वाळू.
गुडघा सोलवटला.
आईला हाक मारली, ती वाऱ्यानं भलतीकडे नेली.
त्याला शू झाली, असं कुणीतरी म्हणालं
आणि कुणीच हसलं नाही.
मग त्याला राग आला.
कुणाचा?
"समुद्राचा. न सांगता गेला ना."
हे एरसुल्तान बोलला,
बाकावरची रेघ नखानं कोरत.

घंटा झाली तरी पिल्लू पडलेलंच.
मी ते उठवलं नाही.
घरी चहा ओतताना
सारखं वाटत राहिलं, थंडी पडलीय बाहेर.

सकाळी दारातच घेरलं पोरांनी.
उठलं का?
तुम्हीच बघा, म्हटलं.
धाकटा साल्तानात डोळे मिटून उभा राहिला बराच वेळ.
"नाही अजून. पण एक कान हलतोय."

उठलं ते गुरुवारी.
टाळ्या वाजल्या नाहीत.
पेरुयजानं आपली पाण्याची बाटली
उघडून बाकाच्या कडेला ठेवली, एवढंच.

मार्चमध्ये समुद्राच्या जुन्या तळावर
साक्सौलची रोपं लावायला नेतो आम्ही त्यांना.
वीतभर काड्या. जगल्या तर वाळू धरतील.
एरसुल्तानचं रोप वाऱ्यानं आडवं केलं.
मी खुरपं घेऊन धावले.

तो रोपाशेजारी मांडी घालून बसला होता.
माझ्याकडे न बघताच
त्यानं तळहात वर केला:

"थांबा, आपा.
मधलं चाललंय."