साळगावचा सेट

पैसे एका सेटचे आहेत, आणि सेट दोन.

पहिला बंगळूरच्या दुकानात, खोक्यात, कोरा.
त्याच्या रंगीत पडद्यावर सगळा पट्टा धबधब्यासारखा वाहतो,
कोण कुठे बोलतंय ते ऐकू येण्याआधी दिसतं.
एफएम, साइड बँड, मोर्स,
शिवाय डिजिटलची चार नावं, मला धड उच्चारता न येणारी.
खांद्याला अडकवून फेरीबोटीवर नेता येईल.
वॉट मात्र दहाच.
आणि किंमत अशी, की शेवंतीला सांगताना
मी एक शून्य गिळलं.

दुसरा साळगावात, एर्मेलिंदाबायकडे,
क्रोशाच्या रुमालाखाली.
वजन नऊ किलो. डायल नारळाच्या करवंटीएवढा,
एका बोटाने फिरवून सोडला की आपसूक दोन वेढे जातो.
मागचे सॉकेट खाऱ्या हवेने हिरवे पडलेत.
माइकची वायर चिकट.
एका कोपऱ्यात आकड्याचा पाय दिसत नाही,
तीन आहे की दोन हे अंदाजाने समजायचं.

माझं शिक्षण चोडणच्या फेरीच्या इंजिनात झालंय,
म्हणून मी आधी पाठीवर हात ठेवला.
पंधरा मिनिटं. कोमट. मग आणखी पंधरा.
आकडा जागचा हलला नाही.

तीन वर्षं परवाना आहे माझ्याकडे, आणि हातातला एक छोटा एफएम.
त्यावर फोंड्याचा पुंडलीक भेटतो.
जेवलास? जेवलो. वीज आहे? गेली.
एफएमचं दार एक तर उघडं, नाही तर बंद.
साइड बँडवर माणूस हळूहळू येतो,
आधी खरखर, मग खरखरीत एक घसा,
मग कुणाचं तरी अर्धं नाव.
पुंडलीक सांगतो, मार्चअखेर वारा पडला
की समुद्रावर तापलेल्या हवेचं छप्पर बसतं
आणि दोन मीटरवरचा आवाज त्याखालून
थेट मस्कतला निघतो.
मस्कतला माझं कुणी नाही.
तरी.

"तो हाका आयकतालो," एर्मेलिंदाबाय म्हणाली, "म्हाका न्हय."
बाल्तझार जहाजावर रेडिओ ऑफिसर होता.
निवृत्तीनंतर माडाला अँटेना बांधली,
ती अजून तिथेच आहे, दोन कांड्या गळालेल्या.

मग तिनेच मला मागचं एक बटण दाखवलं.
नवरा कधी दाखवत नव्हता, तिने पाहून ठेवलं होतं.
ते दाबलं की सेट सत्तर सेंटीमीटरवर बोलतो
आणि त्याच वेळी दोन मीटरवर ऐकतो.
उपग्रह डोक्यावरून जातो बारा मिनिटांत;
आपलाच आवाज वरून परत येतो,
किंचित उशिरा, किंचित बेसूर,
आणि उपग्रह लांब जाईल तसा उतरत जातो.
तो उतार डायलने सावरत राहायचं,
बोलता बोलता.

बंगळूरचा सेट बोलताना बहिरा असतो.
माहितीपत्रकात हे सर्वांत बारीक अक्षरांत आहे.

किंमत विचारली. तिने सांगितली.
गिळायला शून्यच नव्हतं.
"बायलेक विचारलें?"

अंगणात येऊन फोन लावला.
शेवंती म्हणाली, जुना कशाला? त्यात असं काय आहे?
म्हटलं, हा बोलताना ऐकतो.
पलीकडे बराच वेळ कुकरची शिट्टी तेवढी आली.
मग म्हणाली, बरं.
घरात असला एक तरी असू दे.

पोंबुर्प्याच्या फेरीवर तो माझ्या मांडीवर होता,
रेनकोटात गुंडाळलेला, वासराएवढा जड.
आजची ड्यूटी जयवंताची. वर बघत त्याने विचारलं, मिक्सर?
मी मान हलवली.
अर्ध्या नदीत आठवलं,
बारा व्होल्टचा मोठा पॉवर सप्लाय
तिच्या टेबलाखालीच राहिला,
आणि फेरी मधेच वळत नाही,
हे माझ्याइतकं कुणाला माहीत.