एकशेसत्तर बार

दुकानदार म्हणाले, आधी सांगा, धुवायचंय काय?
मी म्हणाले, शेड.
गाडी नाही, अंगण नाही.
चार माग होते तिथे, ते गेल्या श्रावणात किलोवर गेले.
आता एकाला तिथे फरसाण तळायचंय
आणि त्याची अट एवढीच
की भिंत भिंतीसारखी दिसली पाहिजे.

भिंतीवर काय आहे ते कन्ना चौकात उभं राहून कसं सांगायचं?
एकतीस वर्षांची रुई, तेलात बसलेली.
टॉवेलचा जो भाग टॉवेल होत नाही, तो.
पत्र्याला लोंबतो, कोपऱ्यात ससा होऊन बसतो,
झाडू मारला की उठतो
आणि झाडू ठेवला की परत येतो.

बिराजदारांनी दोन मशिनी पुढे ओढल्या.
विजेवरची स्वस्त पडते, पण आमची थ्री-फेज
मागांबरोबरच तुटली, आणि घरच्या वायरीवर
फ्रिज लावला तर पंखा विचारात पडतो.
म्हणजे पेट्रोल.
म्हणजे साडेसहा घोडे. बांधायचे कुठे?

एक लाल, अडीचशे बारची, चाकं स्कूटरसारखी.
दुसरी एकशेसत्तरची, हँडलला ओरखडा.
"मोठी घ्या ताई, एकदाच घ्यायची वस्तू."
मोठीनं गिलावा निघेल का?
"निघेल की," प्रामाणिक माणूस.
"लाल नोझल लावलं तर वीटपण."

मग पाण्याचा विषय.
मिनिटाला नऊ लिटर, नळीपेक्षा कमीच लागतं म्हणे.
मी पावतीच्या पाठीवर मांडून बघितलं:
टाकी हजाराची, पाणी पाचव्या दिवशी,
त्यातून पिण्याचं, भांड्यांचं, धुण्याचं,
शेजारच्या अंबुबाईंच्या दोन घागरी,
उरतं चाळीस मिनिटांचं.
उजनी काठोकाठ भरली तरी
आमचा पाचवा दिवस पाचवाच असतो.
चाळीस मिनिटांत एकतीस वर्षं.
पुढे हिशेब मी केला नाही.

अम्मा स्टुलावर बसून सोडा पीत होती.
यातलं एक अक्षर तिला ऐकू गेलं नव्हतं.
डावा कान मागानं घेतला, उजवाही मागानंच,
फक्त थोडा सावकाश.

बिराजदारांनी लाल मशिनीची दोरी ओढली.
कपाटातले पाने वाजले, रस्त्यावरचं कुत्रं उठून गेलं.
अम्मानं बाटली खाली ठेवली, आली,
आणि टाकीवर तळहात ठेवला,
पोराचा ताप बघावा तसा.
"वद्दु," म्हणाली. नको ही.
"आत काहीतरी आपटतंय.
ऐकू येत नाही का तुम्हाला?"

आम्ही दोघं कानवाले एकमेकांकडे बघत राहिलो.

ओरखडावालीवर तिचा हात जास्त वेळ होता.
बोटं उचलली, परत टेकवली.
"इदि."
एवढ्यावर सौदा झाला.

लाल मशिनीचं कव्हर बिराजदारांनी आम्ही असतानाच उघडलं.
पायातला एक बोल्ट ढिला होता.
तो हातात घेऊन ते थोडा वेळ उभे राहिले
आणि पावतीतून तीनशे रुपये खोडले.
मग म्हणाले, पांढरं नोझल वापरा, ते पसरट मारतं,
आधी पाणी सोडा, मग दोरी ओढा,
आणि बंद खोलीत चालवू नका, धूर कोंडतो.
दारं उघडी ठेवा.
दारं भंगारवाल्यानं केव्हाच नेली, मी म्हणाले,
चौकटीसकट.

गुरुवारी पहाटे साडेतीनला पाणी आलं.
मी टाकी भरली, घागरी भरल्या,
आणि हातांनीच तिला सांगितलं:
उजाडू दे, गल्ली झोपलीय, आवाज होईल.

अम्मा शेडमध्ये उभी होती, पदर खोचलेला,
पायात माझ्या रबरी चपला,
एक हात मशिनीवर, दुसऱ्यात दोरी.
"कसला आवाज?" म्हणाली.