केपें कोर्टाचे दोन सोपे

चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो,
कुऱ्हाडीनंही तासता येतो.
मग वारा लागतो. मग तो कुणाचंच ऐकत नाही.
हे मला सांगितलं प्यून कुस्तोदनं,
भिंतीला पाठ लावून, विडी विझवता विझवता.
त्याच्या पणज्यानं म्हणे यातले चिरे वाहिले होते
कुशावतीच्या पलीकडून, रोजचा एक तांगा घेऊन.

आराखडा कुणा पोर्तुगीज कप्तानाचा.
त्याला हवं होतं कोर्ट,
गवंड्यांना येत होतं फक्त घर.
म्हणून दाराशी बाल्कांव आलं,
चार खांब, वर मंगळुरी कौलं
आणि समोरासमोर दोन सोपे,
इतके जवळ की बसणाऱ्यांचे गुडघे भिडतात.
वादी इथं, प्रतिवादी तिथं.
दुसरी जागा नाही. ऊन चढलं की मुळीच नाही.

आत खिडक्यांना काच नव्हती, शिंपले होते.
तीन तावदानं अजून शिल्लक आहेत.
त्यांतून उजेड येतो, माणूस दिसत नाही.
त्या दुधाळ उजेडात एकवीस वर्षं मी टाईप करतोय
इन्व्हेंतार, म्हणजे मेलेल्या माणसामागची यादी.
एक माड, फळता. एक माड, वांझ.
तांब्याचं भाण, काठ चेपलेलं.
काजूची बाग, उतरणीची.
कपाटातल्या जुन्या वहीत पोर्तुगीज वळणदार अक्षर,
शाई गंजून तपकिरी;
माड तिथंही मोजलेलेच.

आज उपासो वेळीप आणि त्याची बहीण शेवंती.
भावंडांनी एकमेकांवर बोली लावायची, कायदाच तसा.
घर त्याला, बाग तिला, इथवर ठीक.
अडलं विहिरीपाशी.
साहेब म्हणाले, लिहा, प्रत्येकी अर्धी.
माझी बोटं थांबली.
अर्धी कशी, साहेब? उभी की आडवी?
आडवी धरली तर एकाला नुसता कठडा आणि दोर,
दुसऱ्याला पाणी.
साहेब हसले नाहीत. जेवणाची सुट्टी झाली.

बाहेर आलो तर दोघं सोप्यांवर.
बोलणं नाही. गुडघे तेवढे भिडलेले.
शेवंतीनं डबा उघडला,
हुमण सांडू नये म्हणून
झाकण त्याच्या हातात दिलं.
त्यानं धरलं.
एवढंच.
खांबाआडून कुस्तोदनं घड्याळ पाहिलं,
पुकारा करायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

कागद अजून मशीनवर आहे.
‘विहीर’ लिहिलंय, पुढं दोन टिंबं,
मग कोरं.