कोठीतली रेघ

शहापूरच्या घरात कोठीची खोली एक
आणि जावा दोन.
मी चंदगडची. ती सौंदत्तीची, शिवक्का.
चूल वेगळी झाली त्या वर्षी
फळीवर खडूनं रेघ ओढली तिनंच,
शिंप्याच्या टेपनं मोजून.
डावीकडे तिचे डबे, उजवीकडे माझे.

आमचे हे कंपाउंडर,
म्हणून माझ्या डब्यांना दवाखान्यातली चिकटपट्टी,
वर निळ्या पेनानं: तूरडाळ, चैत्र.
ती जुन्या कॅलेंडरचे तुकडे खळीनं चिकटवायची
आणि त्यावर ती गोल गोल अक्षरं,
जिलब्या काढून ठेवल्यासारखी.

एप्रिलात मात्र गच्ची एकच.
संकेश्वरी मिरचीला तीन दिवसांचं ऊन.
देठ काढून ठेवायची, हे माझं.
देठासकट ठेवायची, हे तिचं.
देठाला ती तोट्टु म्हणते.
तोट्टु गेला की आत वारा शिरतो, म्हणायची,
आणि माझ्या सोललेल्या ढिगाकडे बघत राहायची
कुणाचं तरी वाटोळं झाल्यासारखं.

तुरीला एरंडेल दोघीही लावायचो,
मी चमच्यानं मोजून,
ती तळव्यानं, कोपरापर्यंत चकचकीत,
दाण्यादाण्याला न्हाऊ घालत.
तांदळात कडुनिंबाचा पाला, तो सावलीत वाळवलेला.
चिंचेला मीठ.
तिखटाच्या बुडाशी हिंगाचा खडा, एक वरही.
रवा भाजून, पार गार करून मग भरायचा,
गरम भरला की झाकणाला घाम येतो
आणि घाम आला की झालंच.
हे ती सांगायची,
मला नव्हे, भिंतीला.

एका श्रावणात टोके झाले.
माझ्या बासमतीतून तिच्या जोंधळ्यात गेले,
किंवा तिच्या जोंधळ्यातून माझ्याकडे आले.
आठ दिवस बोललो नाही.
नवव्या दिवशी ती सूप घेऊन बसली,
मी पोतं ओढून आणलं.
तेव्हाही बोललो नाहीच.

यंदा भाद्रपदात लेकीच्या बाळंतपणाला ती हुबळीला गेली,
किल्ली माझ्याकडे देऊन.
भावजींना कडक भाकरीबरोबर अगशीची चटणी लागते रोज.
मी तिच्या फळीपुढे उभी,
एकोणीस डबे
आणि एक अक्षर लागेल तर शपथ.
उघडायचं, हुंगायचं, लावायचं.
दर झाकणामागे थोडी हवा आत जाते,
कळत होतं. काय करू?

रात्री फोन लावला.
आधी उ शिक, म्हणाली. उप्पु. मीठ.
उ म्हणजे गुंता झालेलं सूत.
मग बेळे, मग बेल्ल,
डाळ आणि गूळ,
बे दोन्हीकडे, एक लांब, एक आखूड,
त्या आखूडपणावर मी दोनदा फसले
आणि गुळात फोडणी ओतता ओतता वाचले.
सतराव्या डब्यात अगशी सापडली.
अगशी म्हणजे तुमचं जवस, ती म्हणाली,
आणि अगशी म्हणजे गावची वेससुद्धा.
दोन्हीला एकच शब्द कसा ग?
झोप आता, म्हणाली. पाळणा हलवतेय मी.

दिवाळीच्या आधी आली.
पिशवी खांद्यावर तशीच, सरळ कोठीत.
तुरीचा दाणा दाताखाली: कट्ट.
जोंधळ्यात हात कोपरापर्यंत.
मग मिठाच्या बरणीत बोट.
"ओला हात घातलीस?"
एकदाच, मी म्हटलं.
"एकदाच," ती म्हणाली, भिंतीला.

दुसऱ्या दिवशी माझ्या मिरचीच्या डब्यावर
कॅलेंडरचा एक तुकडा, खळ अजून ओली.
मी बोट ठेवून ठेवून वाचलं.
पहिला शब्द लागला: तोट्टु.
दुसरा न वाचताच कळला.