पाणी कुठे मुरतंय

औनासयोकी नदीच्या वळणावरचं पिवळं लाकडी घर.
दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, नदीवरचा बर्फ फुटला,
पुलाखाली तुंबला,
आणि पाणी मागच्या दाराने आत आलं, गुडघ्याएवढं.
तीन दिवस राहिलं.

वेइयो कुर्त्तिला शाळेची बस चालवतो.
त्याने बारा दिवस रात्रंदिवस पंखे लावले,
जमीन उचकटून नवी बसवली,
भिंतींना पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले.
मला दारातच म्हणाला,
"वास येतोय का तुम्हाला? नाही ना?"

नाही आला.
पण वास ही वेगळीच गोष्ट, तो येतो आणि विरतो.
मी जे शोधायला आले त्याला वास नाही,
स्वतःचे पंखही नाहीत.
ते धुळीच्या पाठीवर बसून
या खोलीतून त्या खोलीत जातं.

इल्ता नऊ वर्षांची. तिचं डोकं दुखतं ते घरीच.
शिबिरात चार रात्री तंबूत झोपली, दुखलं नाही.
पाचव्या दिवशी घरी आली,
बूट काढेपर्यंत ठीक होती.
डॉक्टरांनी डोळे तपासून चष्मा दिला.
त्या चष्म्यातून ती आता
माझ्या पेटीतल्या नळ्या मोजतेय.

घर फार स्वच्छ आहे.
पुसलेलं घर काही सांगत नाही,
म्हणून मी शिडी मागते,
कपाटाच्या माथ्यावर, दाराच्या चौकटीवर,
जिथे फडकं पोचत नाही तिथे कापसाचा बोळा फिरवते.
दोन वर्षांची धूळ, करडी, मऊ,
तिच्यात लोकर, कातडीचे कण, भाजलेल्या राईच्या पावाचा चुरा,
आणि आणखी कोणी.
"त्याचं नाव काय?" इल्ता विचारते.
असलंच तर, मी म्हणते, स्टेरिग्मॅटोसिस्टिन.
ती ते तोडून तोडून म्हणत जिना चढते,
पायरीला एक अक्षर.
पायऱ्या संपतात, नाव उरतं.

मग मी भिंतीवर बोटं वाजवते.
तिच्या पलंगामागे आवाज बदलतो.
कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण माणसांबद्दल म्हणतो,
इथे ते खरोखरच मुरलं होतं.
"कापावं लागेल," मी म्हणते, "तळहाताएवढं."
सुरी वेइयोच आणतो, रेषाही तोच मारतो,
बस लावावी तशी सरळ.

पाटीच्या मागचा कागद खाल्लेला.
त्यावर काळं, ओल्या काजळीसारखं दिसणारं,
पण बोट लावलं तर कोरडं.
मी सांगते, कारण तो विचारतो:
ओली असते तोवर ही बुरशी चिकटून बसते.
वाळली की सुटते, तिचे तुकडे उडतात.
"बारा दिवस," तो म्हणतो.
पुढे काही नाही.
सुरी मिटायला त्याला बराच वेळ लागतो.

दक्षिणेतल्या प्रयोगशाळेत त्या धुळीला द्रवात भिजवलं,
यंत्राने एकेक रेणू वजन करून, फोडून,
तुकड्यांवरून ओळखला.
तीन आठवड्यांनी कागद आला. आकडा होता.
नॅनोग्रॅम, म्हणजे मिठाच्या एका कणाचे काही हजार भाग केले
तर त्यातला एखादा.

"मग हे जास्त की कमी?"
त्याने कागद उलटाही करून पाहिला.

इथे माझी विद्या संपते.
विष सापडतं. किती, तेही सांगता येतं.
पण श्वासातून किती आत गेलं म्हणजे एका मुलीचं डोकं दुखावं
याची पट्टी अजून कोणी आखलेली नाही.
मी म्हणाले, "माहीत नाही. ओल मात्र खरी आहे."
असं उत्तर द्यायला चारशे किलोमीटर गाडी चालवावी लागते.

तो उठला. वर गेला.
खिडकीतून मला दिसलं,
इल्ताची उशी काखेत धरून तो अंगण ओलांडत होता,
चढावरच्या सौनाकडे,
जिथवर नदी आली नव्हती.
मागून इल्ता, चष्मा नाकावर ढकलत,
गादीचं एक टोक धरून,
तिचं दुसरं टोक गवतातून ओढत.

कागद टेबलावर राहिला,
त्यावर कॉफीचा कप, वारा येऊ नये म्हणून.
खिडक्या त्याने सगळ्या उघडल्या होत्या.